जंपरकाकांच्या केबल

बंद पडलेल्या गाडीपाशी काका स्वतः बोलत नसत आणि गाडीच्या मालकालाही बोलू देत नसत. "किल्ली फिरव आणि गप्प बस," एवढंच म्हणायचे. मग मान तिरकी करून ऐकायचे. नुसती टकटक आली तर बॅटरी उतरलेली. इंजिन फिरतंय पण पेटत नाही, तर पेट्रोल शिळं, नाहीतर उंदरांनी एअर फिल्टरमध्ये संसार थाटलेला. काहीच आवाज नाही, तर बॅटरीच्या टोकांवर पांढरा बुरा. निदान झाल्यावर मात्र ते इतके खूश होत, की जणू गाडी त्यांचीच आहे.

काका मूळचे नागपूरचे, न्यू जर्सीत पंपांच्या कंपनीत डिझाइन इंजिनीअर. मी शिकायला गेले तेव्हा त्यांच्या बेसमेंटमध्ये राहत होते. नव्वदच्या दशकातली ती गोष्ट. आमच्या भागातल्या मराठी घरांत तेव्हा एक रीत पडली होती. बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाने खराब होऊ नये म्हणून चांगली गाडी हिवाळाभर गॅरेजात झाकून ठेवायची, आणि पाडव्याला, मुहूर्त पाहून, हार घालून बाहेर काढायची. मुहूर्त सगळ्यांचा एक आणि बॅटऱ्या सगळ्यांच्या उतरलेल्या. मग सकाळपासून काकांचा फोन वाजायचा, आणि ते जाऊन आपल्या गाडीची बॅटरी जंपर केबलने जोडून एकेकाची गाडी सुरू करून द्यायचे. 'जंपरकाका' हे नाव मराठी मंडळातल्या लोकांनीच ठेवलेलं. त्यांना ते आवडायचं. मला अजिबात आवडत नसे.

मागच्या रस्त्यावरचा विनय दर शनिवारी गाडी दोन मिनिटं सुरू करून बंद करायचा आणि वर अभिमानाने सांगायचा. काका त्याला म्हणाले, "अरे, दोन मिनिटांत तू बॅटरीचं नुसतं घेतलंस. दिलं काहीच नाहीस." विनय हसला. "काका, यू आर टू गुड यार," म्हणाला आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच केलं.

त्याच्याच गॅरेजातला एक पाडवा मी विसरलेले नाही. गाडी सुरू झाली, नारळ फुटला, सगळे टाळ्या वाजवून आत गेले. काकांनी गॅरेजातल्या सिंकवर साबणाने हात धुतले, रुमालाने पुसले आणि घरात जायला दाराशी गेले. तेवढ्यात विनयची बायको वैशाली दोन कागदी प्लेट घेऊन बाहेर आली. "काका, हात ऑइली झालेत ना तुमचे, इथेच देते. इझी पडेल." माझे हात तर कोरडे, स्वच्छ होते, मी फक्त टॉर्च धरला होता. तरी माझीही प्लेट गॅरेजातच आली. आतून स्टीलच्या ताटांचा आवाज येत होता. आडनाव सांगितल्यावर गाव विचारणारी, आणि गाव सांगितल्यावर विषय बदलणारी माणसं होती ती. सातासमुद्रापलीकडे जाताना बॅगेत काय काय नेलं होतं त्यांनी.

काकांनी श्रीखंड-पुरी वॉशिंग मशीनवर ठेवून शांतपणे खाल्ली. निघताना आत डोकावून म्हणाले, "चौदा एप्रिलला जयंती आहे, शाळेच्या हॉलवर. या रे सगळे, जेवण आहे."

"नक्की काका, ट्राय करतो," विनय आतूनच म्हणाला.

दरवर्षी हेच. काका हॉलमधली पहिली रांग त्यांच्यासाठी राखायचे. त्यातला एक जण तरी यावा, आपल्या माणसांच्या पंगतीला बसावा, एवढीच त्यांची इच्छा होती. जयंतीच्या सकाळीही ते म्हणायचे, "ट्रॅफिक असेल." शेवटी जेवणाची वेळ झाली की उठून स्वतःच पोरांना त्या खुर्च्यांवर बसवायचे.

एकदा मी चिडून म्हटलं, "काका, पुढच्या पाडव्याला जाऊ नका. बसू देत मुहूर्त धरून." ते तेव्हा कुणाच्या तरी बॅटरीची टोकं सोड्याच्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने घासत होते. म्हणाले, "बुरा घासला की जातो गं. दरवर्षी घासावा लागतो, एवढंच." मला त्या लोकांचा राग यायचा. काकांचा त्याहून जास्त यायचा.

एका जानेवारीत घरासमोरचा बर्फ उपसताना काका खाली बसले ते उठलेच नाहीत. मंडळात कुणाकडे काही झालं की सेक्रेटरी सगळ्यांना फोन करायचे. त्यांच्या फोनच्या आन्सरिंग मशीनवर मी निरोप ठेवला होता. तो पुढे गेला नाही. शेवटच्या 'जय भीम'ला आमचीच माणसं होती.

पाडव्याच्या सकाळी फोन वाजला. काकूंनी उचलला. मी शेजारीच होते, विनयचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

"काकू, काका आहेत? गाडी सुरू होत नाहीये."

"ते जानेवारीत गेले, विनय."

"ओह. सॉरी काकू, आय हॅड नो आयडिया." मग म्हणाला, "काकू, त्यांच्या केबल असतील ना घरी? लगेच आणून देतो परत. मुहूर्त टळतोय हो."

मी फोन हिसकावून घेणार होते. काकूंनी हातानेच मला थांबवलं.

"आहेत ना," त्या म्हणाल्या. "चौदाला हॉलवर ये. तिथे देते."

त्या वर्षी काकूंनी केबल नीट गुंडाळून पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर ठेवल्या. भाषणं झाली, जेवणं झाली, पोरांनी खुर्च्या आवरल्या. ती एक खुर्ची राहिली, तेव्हा केबल मीच उचलल्या. अजून माझ्या डिकीत आहेत.