आठ तास सांगितले होते

“मावशी, मालेगाव सोडलं का?” सुनीलनं फोनवर विचारलं.

“आत्ता विमानातून उतरले रे. मुंबईतच आहे.”

मागं बायकांचा आवाज येत होता. धुळ्याला देवपुरात माझी धाकटी बहीण सिंधू, सुनीलची आई, बर्फाच्या लाद्यांवर ठेवलेली. वैशाखाचं ऊन. लोक सकाळपासून माझ्यासाठी बसलेले. आमच्यात बाई गेली की माहेरचं लुगडं अंगावर घातल्याशिवाय तिला उचलत नाहीत. माहेरची म्हणून मी एकटी उरलेली, आणि लुगडं माझ्या पिशवीत.

चूक माझी. तीन वर्षांपूर्वी मुलाकडे मेलबर्नला निघाले, तेव्हा सिंधू फाटकाशी उभी राहून म्हणाली, “आक्का, तू तं चालनी. मनं लुगडं कोन लई येई?” तिचं लुगडं कोण आणणार, हा तिला घोर.

परतीचं तिकीट हातात होतं. मेलबर्नहून सकाळी दहाला सुटतं, संध्याकाळी सहाला मुंबई. मी चौथी शिकलेली, हिशेब केला. आठ. आमच्या सोनगीर गावाहून यष्टीनं मुंबईला जायला लागतात तेवढेच.

“इमानमा बसनू का आठ तासमा उनू,” मी म्हटलं.

“आठच? मंग आखाजीले बी येत जाय!”

दोघी हसलो. त्याच दिवशी बाजारातून हिरवं लुगडं घेतलं. तिच्या घरी ठेवता येत नव्हतं. जित्या माणसाच्या घरात असलं लुगडं आधी नेत नाहीत. म्हणून ते माझ्यासोबत परदेशी गेलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी जमतात तेव्हा, मात्र मी एकदाही आले नाही. नातवाची शाळा, सुनेची नोकरी, कारणं होती. आठच तास तर, कधीही जाऊ, असं वाटायचं. बाहेर गेलेल्यांनो, तुम्हीही असंच म्हणत असाल.

ती गेल्याचा फोन आला, मुलानं सकाळचं तिकीट काढलं. विमानात बसल्यावर सुनीलला कळवलं, “बसले. आठ तास धर. पुढं गाडी.” त्याच्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच. त्यानं तिथून मोजलं.

समोरच्या पडद्यावर आकडे होते. आठ तास झाले तरी खाली पाणीच. शेजारच्या पोरीला विचारलं. ती म्हणाली, “आजी, अजून साडेचार तास. तिकिटावर दोन्हीकडची घड्याळं वेगळी असतात.” दहा हजार किलोमीटरला थोडं कमी, तेही तिनंच वाचून दाखवलं. फोन लागत नव्हता. साडेचार तास मी पिशवी मांडीवर घेऊन बसले.

मुंबईत उतरल्यावरच्या त्या फोनवर सुनील म्हणाला, “बर्फ तिसऱ्यांदा आणला मावशी. पण थांबतो. आई म्हणायची, आक्का येईल.”

मुंबईहून धुळं अजून सहा-सात तास. मी म्हटलं, “थांबू नको. उचल तिला. शेजारणीकडून लुगडं घे आणि माझ्या नावानं घाल.”

“चालेल का?”

“मी सांगते ना. चालतं.”

मी पोचले तेव्हा दारात फक्त स्मशानातून परतलेल्यांच्या चपला होत्या.

हिरवं लुगडं परत मेलबर्नला आणलं. इथं कपाटात आहे. सुनेला सांगून ठेवलंय, माझ्यावर तेच घाल, कुणाची वाट बघू नको. माझं माहेर आता तेवढंच, दीड किलोचं.

आम्ही तिघी बहिणी. मधली आधीच गेली, मग सिंधू. मी राहिले.