शिट्टीचा दम

"मला हात पायजे!" ओरडून सोहमने स्पायरोमीटर खाली फेकला. तीन नळ्या, तीन गोळ्या. श्वास ओढला की गोळ्या वर चढतात. फुप्फुसांचा व्यायाम. चिंचवडच्या एका सेंटरमध्ये मी म्युझिक थेरपिस्ट आहे. म्हणजे गाणं शिकवत नाही. गाण्या-वाजवण्यातून मुलांकडून व्यायाम करून घेते.

सोहम अकरा वर्षांचा. मस्क्युलर डिस्ट्रॉफी. यात स्नायू हळूहळू झिजतात. पाय गेले होते, हातही जायला लागले होते. मला धास्ती होती ती छातीची. दम कमी पडला की साधा कफही खोकून निघत नाही. आदल्या पावसाळ्यात दोनदा अॅडमिट झाला होता.

आमच्या फिजिओ हेडचे डोळे भरले. "बाळा, हात कुठून आणू रे मी?"

"त्ये हात न्हाई ओ!" सोहम आणखीच भडकला.

त्याचे वडील दत्ताभाऊ चाकणहून नाइट शिफ्ट संपवून तसेच आले होते. "मॅडम, ढोलाचा हात म्हनतोय त्यो. पयला हात, दुसरा हात, आसं आस्तं आमच्या पथकात."

हात म्हणजे ढोलावरचा वाजवण्याचा प्रकार. दत्ताभाऊ चऱ्होलीच्या पथकात ढोल वाजवतात.

"गणपती तोंडावर आल्यात. येक तरी हात वाजवू द्या पोराला."

"अजिबात नाही," हेड म्हणाल्या. "झिजलेल्या स्नायूंवर ढोलाचा लोड? आहे तेही जाईल."

बरोबरच होतं. तरी मला राग आला. कुणाचा, ते कळेना. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "भाऊ, हात बदलायचा हे सगळ्यांना कळतं कसं?"

"प्रमुख शिट्टी मारतो की."

मी हेडकडे बघितलं. लांब शिट्टी मारायची तर आधी छाती भरून श्वास घ्यावा लागतो. त्यांनी लगेच छातीच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांची अट एकच: दमला की थांबायचं.

सेशन सुरू झाले. आधी शिट्टीतून नुसती हवा निघायची. मग चिमणीएवढा आवाज. पोरगं हट्टी, पण आता हट्ट आमच्या बाजूने होता.

एका रविवारी चऱ्होलीच्या मोकळ्या प्लॉटवर पथकाचा सराव होता. प्रमुखांनी सोहमची व्हीलचेअर पुढे घेतली. ढोल सुरू झाले. सोहमने शिट्टी फुंकली. त्या दणक्यात कुणालाच ऐकू गेली नाही.

दत्ताभाऊ पोरांना खुणावू लागले, बदला. मी त्यांचं मनगट धरलं. "नका भाऊ. त्याला कळेल."

"बाप हाय मी, मॅडम."

"म्हणूनच नका."

सोहमने डोळे मिटले. खांदे वर आले. शिट्टी सणसणीत गेली आणि अख्ख्या पथकाने हात बदलला. मला रडू फुटलं. सोहम मात्र वैतागला. "लेट बदलला राव! परत घ्या!"

परतताना दत्ताभाऊंनी विचारलं, "आता सुधरंल ना?"

"नाही भाऊ. हात जाणारच. दम टिकवायचा."

ते व्हीलचेअर ढकलत राहिले.

वर्षभरात सोहमचा हात ताटापर्यंतही पोचेना. आई भरवते. सरावाला दत्ताभाऊ त्याच्या ओठांत शिट्टी धरतात, फुंकतो तो. पुढच्या पावसाळ्यात त्याला अॅडमिट करावं लागलं नाही. आमच्या धंद्यात याला रिझल्ट म्हणतात.