नायट्रोजनची बाटली

पीएच.डी.ची मुदत संपायला तीन आठवडे उरले, तेव्हा माझ्या यादीत एकच काम राहिलं होतं : नायट्रोजनची बाटली.

बीडच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते आणि प्रबंधासाठी एक पिवळी, सच्छिद्र पूड बनवत होते. ती बाटलीत पाण्यात घालून उन्हात ठेवली की हायड्रोजन सुटतो. पाण्यावरच्या जागेत कार्बन डायऑक्साइड भरला तर त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि त्यापासून पुढे इंधन करता येतं, असाही माझा दावा होता. तो ताडून बघायला एका बाटलीत कार्बन डायऑक्साइडऐवजी नुसता नायट्रोजन भरायचा. तिच्यात कार्बन मोनॉक्साइड दिसता कामा नये.

दिसला. जवळजवळ बाकीच्या बाटल्यांइतकाच.

रविवारी सासरी, नेकनूरला गेले. गच्चीवर मोठ्या जाऊबाई कुरडया उलटत होत्या. मी एक उचलून डब्यात टाकायला लागले.

"ठिव खाली! वरून वाळली, आतून वली हाय. कावून घाई करतीस?"

त्यांनी ती मोडून दाखवली. मधल्या वेटोळ्यात ओल होती.

मी तिथंच वही काढली. पूड मी ज्या द्रावकाने धुते, तो छिद्रांत अडकून राहत असणार आणि उन्हात तोच फुटून कार्बन मोनॉक्साइड सोडत असणार. आठ दिवस निर्वात भट्टीत पूड वाळवली, सगळ्या बाटल्या पुन्हा लावल्या. हायड्रोजन होता तसाच राहिला. कार्बन मोनॉक्साइड सगळ्याच बाटल्यांतून जवळपास गेला. माझा अर्धा प्रबंधही.

मार्गदर्शक सर म्हणाले, "मॅडम, जुनेच आकडे ठेवा, ती एक बाटली गाळा. परीक्षक काही ती मागणार नाहीत."

"मी मागतेय ना, सर."

"शीर्षक बदलावं लागेल. मुदतवाढ, पुन्हा समिती. अहो, पन्नाशी आली तुमची!"

"म्हणूनच. खोटं निस्तरायला आता वेळ नाही माझ्याकडे."

दोन्ही अर्ज मी भरूनच नेले होते. शीर्षकातल्या 'कार्बन डायऑक्साइड'वर पट्टी ठेवून रेघ मारली आणि कागद सरांपुढे सरकवले. तासाची घंटा झाली. मी उठले नाही.

"लई हट्टी बाई आहात," म्हणत सरांनी पेनाचं टोपण काढलं.

समितीसमोर एकाने सुचवलं, हे परिशिष्टात टाका. नाही टाकलं. तिसऱ्या प्रकरणातली पहिली आकृती त्याच बाटलीची आहे.