आपले पाच आत हायेत

"आपले पाच आत हायेत. सोडायचे कसे?"

असं म्हणून तो मधल्या चिंचोक्यांवर पंजा ठेवायचा, टोपलीखाली कोंबडी झाकावी तसा. गावभर त्याला वॉचमन म्हणत. तरुणपणी माळशेजच्या वाटेवरच्या एका हॉटेलात तो राखणीला होता, आणि तिथल्या मुंबईच्या गिऱ्हाइकांचं बघून बघून त्याने पत्त्यांचा एक विचित्र खेळ गावात आणला. आम्ही त्याला उलटा डाव म्हणायचो. पाच पानं घ्यायची, एकदा हवी तेवढी बदलायची, आणि ज्याची पानं सगळ्यात हलकी तो जिंकला. एक्का सगळ्यात हलका, आणि राजा-राणी आले की कपाळावर हात!

त्यात एक गंमत होती. दर डावाला पाळीपाळीने एकाने पानं न बघताच पाच चिंचोके मध्ये ठेवायचे. बाकीच्यांनी आपापली पानं बघायची. जमत असेल तर जास्त चिंचोके टाकून त्याच्यावर चढायचं, नाहीतर पानं टाकायची. कोणीच चढलं नाही तर त्याचे पाच त्याला परत. कोणी चढलं आणि तो घाबरून पळाला, तर पाच गेले.

वॉचमन कधीच पळाला नाही. हातात दोन राजे, दोन गुलाम असले तरी बसायचा आणि हरायचा. मी गिरणीवाला माणूस, मला नुकसान बघवत नाही. मी ओरडायचो, "अरे येड्या, रद्दी पानं हायेत, टाक ना!"

"टाकीन रे. पण एकदा टाकली का तुमाला चटक लागल. मंग रोज माझे पाच घेऊन जाल."

शिंपी मात्र खूश असायचा. वॉचमनचे चिंचोके जिंकून जिंकून त्याचा डबा भरला होता, आणि तो डबा तो बायकोलाही दाखवायचा.

हा खेळ आम्ही चौघं एसटीत खेळायचो. वॉचमन, शिंपी, निवृत्त मास्तर आणि मी. हसू नका, त्याला कारण होतं. मुरबाडहून निघून टोकावड्याला वळणारी संध्याकाळची एकच गाडी आमच्या आतल्या गावात येते. वॉचमनची नात मुरबाडला नर्सिंग शिकत होती आणि तिची परतीची गाडी हीच. एक दिवस कंडक्टर म्हणाला, "माणसं नायत बाबा, फेरी बंद होईल." वॉचमनच्या पोराने घरी सांगून टाकलं, गाडी बंद झाली तर पोरगी घरात बसेल. जीपमध्ये लोंबकळत तिला येऊ देणार नाही.

दुसऱ्या दिवशी वॉचमनने आम्हाला दुपारीच टोकावड्याला नेलं. काम काय? काही नाही. चहा प्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. मग रोजच. मागचा लांब बाक आमचा, गुडघ्यांवर पंचा, पंच्यावर पानं. खड्डा आला की पानं उडायची आणि वॉचमन म्हणायचा, "बरं झालं, बदलायचीच व्हती."

कंडक्टर आमची तिकिटं फाडताना मान हलवायचा. "चार म्हातारे, अर्ध्या तिकिटाचे. म्हंजे माणसं दोनच."

"आमच्या डावात कमीवालाच जिततो," वॉचमन म्हणायचा.

मग खरी वेळ आली. आगारातून कोणी माणूस गाडी बघायला येणार होता, आणि नेमका त्याच दिवशी शिंपी शहापूरला लग्नाला गेलेला, मास्तर तापाने आडवे. टोकावड्याला गाडी लागली. आत नात, एक साहेब आणि रिकामे बाक. मी म्हटलं, "सोड आता. पानं रद्दी हायेत."

त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. बाजार करून आमच्याच गावच्या बायका जीपमध्ये बसल्या होत्या. हा जीपच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "गो बायांनो! ही एसटी बंद झाली ना, तर हाच जीपवाला उद्या डबल भाडं मागल. मंग बोंबलत बसा!" जीपवाल्याने त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. पण बायका उतरल्या, पाट्यांसकट. गाडीत सुक्या बोंबलाचा असा वास सुटला की विचारू नका. साहेबांच्या मांडीवर कोणीतरी बोंबलांची पाटीच ठेवली आणि म्हणाली, "धरा वाईच." साहेबांनी गावापर्यंत धरली. फेरी बंद झाली नाही.

नात नर्स झाली, शहापूरला नोकरीला लागली, तिथेच राहू लागली. मी म्हटलं, "सुटलो बाबा! आता दुपारची झोप." तर हा नेहमीच्या वेळेला दारात हजर.

"आता कोणासाठी?"

"अरे, फुडच्या बाकावर त्या दुसऱ्या तिघी पोरी बसतात, मुरबाडला शिकायला जातात, त्या काय उडत येतील?"

मी निमूट चपला घातल्या. सांगायला लाज कसली, त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला. तोंडावर मात्र शिवी दिली.

गेल्या थंडीत वॉचमन गेला. झोपेतच. तेरावं झाल्यावर आम्ही तिघं टोकावड्याच्या थांब्यावर जमलो, कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. कंडक्टरने तिकिटं फाडली आणि हळूच म्हणाला, "दीड माणूस." पुढे त्या तिघी पोरी बसल्या होत्या.

मास्तरांनी सवयीने चौघांची पानं वाटली. वाटल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पण उचलायला हात होईना. पाळीही नेमकी वॉचमनचीच होती. शिंप्याने डबा उघडला, पाच चिंचोके मोजून मध्ये ठेवले आणि खिडकीबाहेर बघत बसला.

मी माझी पानं बघितली. एक्का, दुर्री, तिर्री, चौकी, छक्की! एवढ्या वर्षांत असा हात मला कधी लागला नव्हता. बदलायचीसुद्धा गरज नाही, नुसतं चढायचं.

मी पानं पालथी टाकली. "माझ्याकडं काय नाय."

"माझ्याकडंबी नाय," शिंपी म्हणाला. मास्तरांनीही टाकली. मास्तर खोटं बोलले की त्यांचे कान लाल होतात, तसे झाले होते.

मी ते पाच चिंचोके त्याच्या रिकाम्या जागेवर सरकवले.

"घे रे," म्हटलं, "आज कोणी चढला नाय तुझ्यावर."