ट्रॉलीमागचा मोर

आमच्या घरामागच्या सायकल रस्त्यावर एक मोर रेल्वेची ट्रॉली ढकलतोय. खोटं वाटत असेल तर हॉलंडला, आमच्या रायस्वाइकला या, दाखवते. ट्रॉलीवर छत्रीखाली टोपीवाला साहेब बसलाय आणि त्याच्या पाठीशी पिसारा फुलवून हा मोर. डच लोक सायकल थांबवून कौतुकानं बघतात. तो मोर मी बसवलाय, माझ्या या हातांनी. म्हणून रोज स्टेशनला जाताना मी लांबचा वळसा घालते आणि नवऱ्याला सांगते की तेवढाच व्यायाम.

हा रस्ता पूर्वी मालगाडीचा मार्ग होता. रूळ कधीच उखडले, खडी गेली, आता तिथं लाल डांबर आहे आणि दोन्ही बाजूंना गवत. नगरपालिकेनं ठरवलं की या रस्त्यासाठी वस्तीतल्या लोकांनीच काहीतरी करावं, आणि त्यासाठी एक डच चित्रकार बाई नेमली. तिची कल्पना साधी होती. रुळांखाली आडवे स्लीपर असतात तशा लांबट सिमेंटच्या लाद्या रस्त्याकडेला बसवायच्या, एकेका गटाला एकेक द्यायची आणि त्यावर फुटक्या टाइल्सचे तुकडे लावून चित्र करायचं. अट एकच, चित्रात रेल्वेशी आपलं नातं दिसलं पाहिजे. तुर्की बायकांना एक लादी मिळाली, सुरिनामी म्हाताऱ्यांच्या क्लबला एक, आणि एक आमच्या मराठी मंडळाला.

मंडळात चित्र काढणारी मी एकटी. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, पण हाताला लहानपणापासून सवय आहे. गणपतीची रांगोळी दरवर्षी माझ्याच गळ्यात. आमच्या घरी बुद्धाची मूर्ती, आणि मंडळात मी गणपतीसमोर उकिडवी बसून ठिपके मोजतेय! कुणी काही बोलत नाही, मीही नाही. वडील काय करायचे, या प्रश्नाला 'रेल्वेत होते' एवढं उत्तर मला अकरा वर्षं पुरलं. आमच्या लोकांना आडनावावरून जे कळत नाही ते या प्रश्नावरून कळतं. म्हणून तर तो इतक्या गोड आवाजात विचारतात.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा मनमाडच्या बाजूला रेल्वेच्या गँगमध्ये होते, आणि तरुणपणी ट्रॉलीमन. ट्रॉली म्हणजे रुळावर चालणारा चार चाकांचा बाक. त्यावर पीडब्ल्यूआय साहेब, म्हणजे लाइनची देखभाल बघणारा इन्स्पेक्टर, छत्री लावून बसायचा आणि चार माणसं मागून ढकलायची. तापलेल्या रुळावर पाय टाकत पळायचं. वेग आला की मागच्या कडेवर टेकायचं, चढ आला की पुन्हा उतरायचं. समोरून गाडी आली तर चौघांनी ट्रॉली उचलून बाजूला घ्यायची, साहेब सावली बघून उभा राहायचा. दादांचे तळपाय अजून टणक आहेत. अंघोळीला बसले की दगडानं घासत बसतात.

आई गेल्यावर दादा पहिल्यांदाच माझ्याकडे आले, तीन महिन्यांच्या व्हिसावर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना या रस्त्यावर फिरायला नेलं. कालव्याच्या पुलाकडे चढताना ते मध्येच थांबले.

"इथं रूळ होते का गं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? गाडीसाठी काढलेला चढ असा मऊ असतो. पायाला कळतो."

मग रोज सकाळी ते एकटे जायला लागले. बरोब्बर रस्त्याच्या मधोमध चालायचे, मागून सायकलवाले घंटा बडवायचे. मी ओरडायची, "अहो दादा, कडेनं चाला ना!" ते म्हणायचे, "सवय आहे." संध्याकाळी चहा पिताना चौघांच्या गोष्टी निघायच्या. एकजण इतका उंच होता की ट्रॉली ढकलताना त्याची पाठ मोडायची. एकजण पळता पळता विनोद सांगायचा, साहेबही हसायचा आणि मग हसू आवरून ओरडायचा. हे सगळं मला चाळिशी उलटल्यावर कळत होतं. लहानपणी मी कधी विचारलंच नव्हतं, मला लाज वाटायची.

त्या गोष्टी ऐकूनच मी लादीचं चित्र काढलं. उजवीकडे ट्रॉली, त्यावर साहेब अगदी लहान, छत्रीखाली जेमतेम दिसेल एवढा. आणि डावीकडे लादीभर पसरलेली चार माणसं, वाकलेली, पळणारी. त्यातला सगळ्यात डावीकडचा दादा. दादांना कागद दाखवला तर चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "याचा पाय रुळावर नीट पडला नाही. पडंल हा." मी पाय सुधारला. मला एकच हवं होतं. या परक्या देशात का होईना, एखाद्या रस्त्याकडेला माझा बाप असावा, आणि लोकांनी थांबून त्याच्याकडे बघावं.

शनिवारी सकाळी वस्तीच्या सभागृहात काम चालायचं. दादाही यायचे. चित्रकार बाईंनी त्यांच्यापुढे फुटक्या टाइल्सचं टोपलं ठेवलं, तर त्यात त्यांना माणसांच्या अंगाचा रंग सापडेना. म्हणाले, "हे सगळं गोरं सामान आहे." दुसऱ्या शनिवारी माझ्या बाल्कनीतली फुटकी मातीची कुंडी पिशवीत घालून घेऊन आले. हातोडीनं तिचे तुकडे केले आणि बसल्या बसल्या रंगांप्रमाणे चार ढीग लावले, एकेका माणसाचा एकेक. "हा उंच काळा होता, हा जरा उजळ." चित्रकार बाई तर खूशच झाल्या. त्या दिवशी मी चौघेही लावून टाकले. इतकं मन लावून मी रांगोळीसुद्धा कधी काढली नव्हती.

तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्ष ताई आल्या. ताई प्रेमळ आहेत, खोटं कशाला बोलू. माझ्या बाळंतपणात डबे आणले होते त्यांनी. त्या दादांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"काका, कसं वाटतंय हॉलंड? तुम्ही रेल्वेत होतात ना? कोणत्या पोस्टवर?"

दादांनी हातातला तुकडा खाली ठेवला आणि सांगायला तोंड उघडलं. आणि मीच बोलले.

"पीडब्ल्यूआय होते."

ठरवलं नव्हतं हो मी. आतून कुणीतरी ढकलल्यासारखं बाहेर पडलं. आणि पद निवडलं तेही कुणाचं, तर ज्या साहेबानं त्यांना आयुष्यभर 'ए' म्हणून हाक मारली त्याचं! दादांनी माझ्याकडे बघितलं नाही. तोंड मिटलं, तुकडा पुन्हा उचलला, आणि उगाच चुकीच्या ढिगात टाकला.

"अय्या, म्हणजे हे छत्रीतले साहेब काका आहेत?" ताईंनी टाळी वाजवली. "मग इतके लहान का काढलेस गं? तू पण ना!"

पुढचं सगळं फार गोडीगुलाबीनं झालं. साहेब मोठा करायचं ठरलं. आतापर्यंत चित्राकडे ढुंकून न बघणाऱ्यांनाही उत्साह आला. कुणी म्हणालं टोपी हवी, कुणी म्हणालं हातात दुर्बीण द्या. मग मंडळाच्या ग्रुपवर ताईंचा लांबलचक मेसेज आला. ती मागची चार माणसं काढता आली तर बरं. उघडी, अनवाणी माणसं बघून इथल्या लोकांना वाटेल की आपल्याकडे अजून माणसं माणसांना ओढतात. आपली संस्कृती एवढी श्रीमंत आहे, तर त्या जागी पैठणीचा मोर छान दिसेल. खाली एकवीस अंगठे आले. बाविसावा माझा.

का दिला? कितीदा स्वतःला विचारलंय. नाही म्हणायला तोंड हवं होतं, आणि ते मी आधीच विकून बसले होते. साहेबाच्या मुलीला ढकलणाऱ्यांचा एवढा पुळका का, असं कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होते मी?

त्या रात्री घरी दादा एवढंच म्हणाले, "साहेबाच्या टोपीला पुढं चोच होती. ती काढ नीट." मला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. एक शिवी घातली असती तरी चाललं असतं. पुढच्या शनिवारी म्हणाले, "गुडघा दुखतोय, तू जा." गुडघा त्यांचा ठणठणीत होता, पहाटे पुलापर्यंत जाऊन आले होते.

चौघांना मीच खरवडून काढलं. पात्याचं एक हत्यार मिळतं, ते तुकड्याखाली सरकवायचं आणि वर उचलायचं. तिघे पटकन निघाले. डावीकडचा निघेना. त्याला मी जास्त गोंद लावला होता. शेवटी हातोडी घ्यावी लागली, आणि मी हातोडी मारली. चित्रकार बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. आता ही गाडी चालते कशावर, असं त्यांनी विचारलं. माझ्याआधी ताई म्हणाल्या, "इट्स सिम्बॉलिक." बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी निळे तुकडे शोधायला लागले. मोर अप्रतिम झाला. सगळे तेच म्हणाले.

अनावरण एका रविवारी झालं. ऊन पडलं होतं, त्यामुळे अख्खी वस्ती बाहेर. तुर्की बायकांनी त्यांच्या लादीवर फलाटावरच्या सुटकेसी काढल्या होत्या, सुरिनामी म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडच्या मळ्यातली ऊस वाहणारी छोटी आगगाडी आणि तिच्यामागे ऊस उचलणारी माणसं. उघडी, अनवाणी. लोक तिथंच सगळ्यात जास्त वेळ थांबत होते. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

दादांना येऊ नका म्हणायचं धाडस मला झालं नाही. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते आले. लादीपाशी गेले, चष्मा लावला, वाकले. आमच्या बायका नऊवारी सावरत फोटो काढत होत्या. दादा डावीकडून बघत उजवीकडे गेले आणि पुन्हा डावीकडे आले. मग हळूच मला विचारलं, फक्त मला ऐकू येईल असं.

"ढकलणारे कुठं गेले गं?"

"जागा नव्हती, दादा."

त्यांनी मान हलवली. एवढ्यात ताई नगरपालिकेच्या कुणा बाईंना घेऊन आल्या. "आणि हे ते साहेब! काका, सांगा ना यांना, हे तुम्हीच ना?" त्यांनी छत्रीखालच्या माणसावर बोट ठेवलं.

दादांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मला अजूनही वाटतं की त्या क्षणी मी बोलू शकले असते. मराठीत, इंग्रजीत, मोडक्यातोडक्या डचमध्ये, कशातही. तीन भाषा येतात मला.

"हो," दादा म्हणाले. "मीच."

मग त्यांना लादीमागे उभं करून फोटो काढला. ताईंनी कुठून तरी छत्री पैदा केली आणि त्यांच्या हातात दिली. ऊन होतं, पण दादांनी ती उघडली नाही. मिटलेलीच धरून, दोन्ही पाय जुळवून उभे राहिले, साहेबासमोर उभे राहायचे तसे. फोटो संध्याकाळी ग्रुपवर आला, खाली नमस्काराचे हात आणि फुलं.

आठवड्यानं दादा परत जायला निघाले. विमानतळावर सामान देऊन झालं, आम्ही बाकावर बसलो होतो. मी फोन बघत होते. त्यांना वाटलं असावं की मी तोच फोटो गावाकडे कुणाला तरी पाठवतेय.

"तो फोटो तिकडं पाठवू नको हां," ते म्हणाले.

"नाही पाठवत."

"नाही, तू लावलंस छान, त्याचं काही नाही." त्यांनी पासपोर्ट सदऱ्याच्या खिशात सरकवला. "चौघांतले दोघं अजून जिते आहेत. बघतील आणि मला विचारतील, तू वर बसलास, मग आम्ही कुठंय?"