हळदीच्या आधी दिलेल्या गोळ्या

जुई, तन्मय,

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला, तुमच्या आईला, तर नाहीच. आता तुम्हाला लिहिते आहे ते मन हलकं करायला नव्हे. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर, जुई, तू बोलता बोलता उठून गेलीस. परत येऊन बसलीस, पुन्हा उठलीस. "परीक्षेचं टेन्शन गं आजी, आणि इथलं मेसचं जेवण," म्हणालीस. तन्मय मागून ओरडला, "आजी, हिला आता पत्रं बाथरूमच्या पत्त्यावर पाठव!" सगळे हसलो. मीही हसले.

फोन ठेवल्यापासून मी घरात नुसत्या येरझारा घालते आहे. काल तूप कढवायला ठेवलं आणि जाळलं. मी — जिच्या फडताळातले डबेसुद्धा उंचीप्रमाणे लावलेले असतात.

कारण तुझं ते उठणं मी ओळखलं. तोंडावर हसू ठेवून, वाक्य अर्धवट सोडून, पण घाईत — असं उठणारी मुलगी मी याआधी एकदा पाहिली आहे. तेव्हाही ओळखलं होतं. तेव्हा मी काय केलं, ते सांगायचं आहे. सरळ सांगता येईल का? बघते.

आधी माझ्याबद्दल. मी तिखट खात नाही, दूध पीत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. काशीला जाऊन आले तेव्हा देवाला सोडलं, असं मी सगळ्यांना सांगत आले. आपल्या गावात, किन्हवलीत, यासाठी मला मान होता. लग्नाकार्यात माझं पान वेगळं वाढलं जायचं — बाई व्रताच्या आहेत म्हणून. जुई, व्रत वगैरे काही नव्हतं. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. तुमची आई शाळेत होती तेव्हापासून आहे. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात. हा आजार कायमचा जात नाही. शांत होतो, आणि मग एखाद्या दिवशी पुन्हा उसळतो. शाळेत इंग्रजी शिकवत होते, बोर्डाचे पेपर तपासायला ठाण्याला जाते म्हणून निघायचे आणि तिथल्या डॉक्टरांना दाखवून यायचे. गोळ्या कसल्या, असं कुणी विचारलं तर — बीपीच्या.

का लपवलं? शौचाचा, रक्ताचा आजार. बाईच्या तोंडून तो निघणार कसा? सुरुवातीला एवढंच होतं. पुढे लपवणं हीच सवय झाली.

तुमच्या आईचं, माझ्या मंदाचं, लग्न टोकावड्याला ठरलं. चांगली माणसं, घरची शेती, मुलगा नोकरीला. साखरपुडा झाला आणि थोड्याच दिवसांत मंदा पहाटे उठून परसात जायला लागली. तेव्हा आमचा संडास परसात होता, आंब्याच्या पलीकडे. जाऊन यायची, चहाचा कप हातात घ्यायची, आणि तो तसाच ठेवून पुन्हा जायची. शेजारच्या ठमामावशीचं लक्ष होतंच. तिने अंगणातूनच टोमणा मारला, "काय गो मंदे, नवरी हायेस का एश्टी? सकाळपासना फेऱ्याच चालल्यात!" मंदा हसली. आत येऊन मला म्हणाली, "आई, जाऊन आले तरी झालंच नाही असं वाटतं. आणि रक्त पडतंय. शेंबडासारखंही काही पडतं."

मी सब्जा भिजत घातला. म्हणाले, उष्णता आहे. लग्नाचं टेन्शन आहे.

मला माहीत होतं. हे वाक्य मला एवढी वर्षं लिहिता आलं नव्हतं. गुडघे दुखतात म्हणाली, तोंड आलं होतं, एक डोळा लाल झाला होता, झोपेतून उठून जावं लागत होतं. साधं पोट बिघडलं तर माणूस झोपतो तरी. हा आजार झोपू देत नाही. यातली एकेक खूण मी स्वतःच्या अंगावर शिकले होते. आणि मी सब्जा भिजत घातला!

पुढचं याहून वाईट आहे. हळद जवळ आली. आपल्याकडे हळद लागलेल्या नवरीला एकटीने उंबरा ओलांडू देत नाहीत. परसात जायचं तरी करवली बरोबर, हातात काहीतरी लोखंडाचं, आणि मांडवभर बायका बघताहेत. एरवी या रीतीचं कुणाला काय वाटतं? पण मंदाला तासाभरात किती वेळा उठावं लागणार, ते मला दिसत होतं. वरमाई येणार, त्यांच्याकडच्या बायका येणार. ठमामावशी एकदा बोलली की शहापूर काय आणि मुरबाड काय, सगळीकडे बोभाटा होणार. आणि कुणी विचारलंच — हिच्या आईला आहे का असं काही? मग माझं व्रत?

माझ्या कपाटात स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या, मागच्या वेळी आजार उसळला तेव्हाच्या उरलेल्या. त्या मी मंदाला दिल्या. वेष्टनातून काढून, छोट्या डबीत घालून. ताकदीच्या आहेत म्हणाले. रोज सकाळी नाश्त्यानंतर, न चुकता. शिस्तीची बाई ना मी!

गोळ्या लागू पडल्या. रक्त थांबलं, फेऱ्या थांबल्या, गालही भरले. हळदीला मंदा पाटावर शांत बसून राहिली आणि बायका म्हणाल्या, नवरीला तेज आलंय. मी ते ऐकलं. मला बरं वाटलं — हेही लिहायलाच हवं.

लग्न झालं आणि डबी संपली. मी दुसरी दिली नाही. या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायच्या असतात, हे मला ठाण्याच्या डॉक्टरांनी दर खेपेला बजावलं होतं. पण दुसरी डबी द्यायची तर सांगावं लागलं असतं.

टोकावड्याला आजार दुप्पट जोराने उठला. लावणीचे दिवस, दिवसभर वाकून चिखलात, आडोसा नाही. गुडघे दुखतात म्हणून मंदा दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खायची. त्या या आजारात आगीत तेल. तिच्या सासूबाईंनी मुळव्याध समजून झाडपाला दिला. त्यांची काय चूक? त्यांना कोण सांगणार होतं? शेवटी पोट फुगलं, ताप भरला, आणि तिला जीपमध्ये घालून कल्याणला नेलं.

डॉक्टरांनी मला विचारलं, घरात कुणाला आतड्याचा आजार आहे का? याआधी हिने कसली औषधं घेतली आहेत का? स्टिरॉइड वगैरे?

शेजारी विहीणबाई उभ्या होत्या. खाटेवर मंदा होती, डोळे उघडे.

मी म्हणाले, नाही.

त्यांनी आधी जंतुसंसर्ग समजून उपचार केले. दिवस गेले. मग मोठं आतडं पूर्ण काढावं लागलं. तुमच्या आईच्या पोटावरची पिशवी तुम्ही लहानपणापासून बघत आलात. "आईचं जुनं ऑपरेशन" एवढंच तुम्हाला माहीत आहे. ते ऑपरेशन हे.

मी खरं बोलले असते तर आतडं वाचलं असतं का? कदाचित. कदाचित नसतंही. या दुसऱ्या "कदाचित"ला मी वर्षानुवर्षं धरून बसले. पण डॉक्टरांनी प्रश्न विचारला तेव्हा मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला फक्त एवढं ठाऊक होतं की विहीणबाई ऐकताहेत.

आणि त्या विहीणबाई! मंदाला घरी सोडलं त्या दिवशी पिशवी कशी बदलायची ते नर्सने दाखवलं. मी खिडकीबाहेर बघत होते. विहीणबाई पदर खोचून पुढे झाल्या, शिकून घेतलं. त्यांच्याकडचं कुणीतरी बोललं, आता या सुनेचं काय करायचं? त्या म्हणाल्या, "करायचं काय? घरला न्यायची. आमची सून हाय, तुमाला इचारून नाय आणली." ज्या माणसांच्या भीतीने मी सगळं केलं, ती माणसं ही अशी होती. मी त्यांना ओळखायची तसदीसुद्धा घेतली नव्हती.

जुई, हा आजार आईकडून मुलीला येतोच असं नाही, पण घरात असेल तर शक्यता वाढते. तुझं कदाचित खरंच परीक्षेचंच असेल. ते डॉक्टर ठरवतील. शौचाची तपासणी, रक्ताची, लागली तर दुर्बिणीची. त्यांना सांग — माझ्या आजीला आहे, माझ्या आईला होता. रक्त, शेंबूड, रात्रीचं उठणं, सांधे, डोळे, यातलं जे असेल ते लाज न धरता सांग. ताप आला, पोट फुगलं, रक्त वाढलं तर वाट न बघता थेट इस्पितळात जा. मनाने वेदनाशामक खाऊ नकोस. औषध सुरू झालंच तर बरं वाटायला लागलं म्हणून सोडू नकोस; मी आजही रोज घेते, आणि म्हणून आजार शांत आहे. कोलायटिस असूनही मी शाळेत शिकवलं, रोज चालले, म्हातारी झाले. तो वेळेवर सांभाळला तर माणसाचं आयुष्य काढून घेत नाही. हे मंदाला तिच्या हळदीच्या आधी सांगता आलं असतं.

तुमच्या आईपासून हे लपवून ठेवा, असं मी म्हणणार नाही. उद्या सकाळच्या एसटीने मुरबाडला आणि तिथून टोकावड्याला जाणार आहे, तिला समोर बसून सांगायला. खरं तर आधी तिला सांगायचं होतं. पण तुझी तपासणी एक दिवसही थांबू नये, म्हणून हे आजच फोनवर पाठवते. तिथे काय होईल ते मला माहीत नाही. ती बोलेल, की उठून आत जाईल? दोन्हीचा तिला हक्क आहे.

तुमच्या आईच्या पोटात मोठं आतडं नाही. माझं अजून शाबूत आहे.

— आजी