खाप्याच्या बसमधली पुढची सीट

वहिनीचं आणि माझं शेवटचं बोलणं झालं ते नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यात, आणि तेही फुटबॉलच्या जर्स्यांवरून. नाकाला नळी, दोन शब्दांमागे धाप, आणि हिचा प्रश्न काय, तर "सुमन, दोरीवरच्या जर्स्या काढल्या का वं? आभाळ भरून राह्यलं." मी म्हटलं, जळोत त्या जर्स्या. तर हसली. "जळोत काहून म्हणतं? यंदा खाप्याले जाचं हाये ना मले." दुसऱ्या दिवशी मी शाळेत मुलांना शिकवत होते. शिपाई वर्गाच्या दारात येऊन नुसता उभा राहिला, आणि त्याने तोंड उघडायच्या आधीच मला कळलं... आता काही आठवडे झाले. लोक म्हणतात, दिवस गेले की दुःख ओसरतं. ओसरत असेल. माझा राग मात्र रोज थोडा वाढतो आहे, आणि हे मी रागातच लिहिते आहे, हे वाचणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावं.

कौसल्या माझ्या थोरल्या भावाची बायको. मी लग्न केलं नाही, त्यामुळे तिच्याच संसारात राहिले. तिचं माहेर खाप्याचं, कन्हान नदीच्या काठचं. घरी हातमाग होते आणि वडील सूत रंगवायचे, म्हणून रंगाचा हात तिला आपसूक आलेला. भाऊ आमच्या मोहल्ल्याच्या क्लबचा गोलकीपर. क्लब फाटका. बाजारातून पांढऱ्या बनियनी आणायच्या आणि मोसमातला बाहेरगावचा पहिला सामना जवळ आला की वहिनीच्या अंगणात टाकायच्या. ती चुलीवर मोठं भगुणं चढवून त्या निळ्या रंगवायची, पाठीवर नंबर शिवायची आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घालायची. त्यातूनच क्लबात एक रीत पडली. टीम कोणती, हे कागदावर कधी लागत नसे. सेक्रेटरी सखारामजी वहिनीला निवडलेले नंबर सांगून जात, ती तेवढ्याच जर्स्या दोरीवर ठेवी, आणि शनिवारी संध्याकाळी पोरं येऊन दोरी बघत. 'दोरीवर ज्याचं कापड, तो गावाला,' असं पोरंच म्हणायची. आपला नंबर दिसला नाही म्हणून फाटकातूनच परत गेलेले दांडगे गडी मी पाहिले आहेत. सखारामजींशी ते एरवी हातघाईवर येत, पण दोरीशी कुणी कधी वाद घातला नाही.

बाहेरगावचा पहिला सामना दरसाल खाप्यालाच. दोन्ही क्लबांचं जुनं ठरलेलं. म्हणजे वहिनीच्या माहेरच्या गावात, तिने रंगवलेल्या जर्स्या, तिचा नवरा गोलात... आणि ती नागपूरला, अंगण झाडत. मी एकदा म्हटलं, एसटीने जा ना, कोण अडवतं? तर म्हणाली, "एसटीनं त किती डाव गेली मी. मले क्लबच्या बशीतून उतराचं हाये. आमच्या गावच्या लोकायले दिसू दे ना, हे निळे कपडे कोनाच्या हातचे हायेत ते." एवढीच तिची हौस. दागिना मागितला नाही, सिनेमा मागितला नाही. वर्षातून एका रविवारची, भाड्याच्या खटारा बसमधली एक सीट मागितली.

सखारामजींजवळ दरवर्षी नवं कारण तयार. एकदा जागा नाही. एकदा पोरं बसमध्ये कपडे बदलतात, बाईमाणसासमोर कसं जमेल. एकदा तर सरळ म्हणाले, "मोसमाचा पयलाच बाहेरचा सामना हाय वैनी, बाई संगं असली का शकुन बिघडते." त्याच वर्षी त्यांचा मेहुणा बसमध्ये होता. त्याने आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता, पण यजमानांच्या जेवणावर त्याचा हात चांगला चाले. चेंडूंच्या पोत्यालाही सीट होती, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि भाऊ? तो खाली मान घालून बुटांच्या नाड्या ओवत बसे. समोरून आलेल्या चेंडूवर सूर मारणारा माणूस, पण घरातल्या बाईसाठी तोंड उघडायची वेळ आली की त्याच्या नाड्या कधी ओवून होत नसत. त्यालाही मी हे ऐकवलं आहे, लपवून लिहीत नाही.

यंदा मात्र वहिनी अडून बसली. सखारामजी बनियनींचं गाठोडं घेऊन आले तेव्हा तिने ते हातात घेतलंच नाही. "आधी सीट सांगा जी, मंग रंग." सखारामजींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि देवाच्या फोटोकडे हात करून म्हणाले, "पुढची सीट तुमची, वैनी. डायवरच्या बाजूची." त्या दिवशी तिने ट्रंकेतलं हिरवं लुगडं बाहेर काढून खुंटीला लावलं. पावसाळी हवेत कपडे वाळत नाहीत म्हणून रंगाचं काम लवकरच काढलं. निम्म्या बनियनी झाल्या होत्या, आणि ती भगुण्याजवळ खाली बसली ती उठलीच नाही.

धंतोलीच्या डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, नखं कधीपासून निळी आहेत? भाऊ म्हणाला, "रंगाचे हायेत जी. जर्स्या रंगवते ना ते." डॉक्टरांनी कापूस स्पिरिटमध्ये बुडवून एक नख पुसलं. मग दुसरं. बोटांचा रंग थोडा कापसावर आला, नखांतला आला नाही. मग त्यांनी तिच्या निळसर ओठांकडे बोट केलं. काळजाची झडप लहानपणापासूनच खराब असावी, म्हणाले. जिना चढताना ती मध्ये थांबायची, पाण्याची बादली दोनदा टेकवायची. रंगाचे हात म्हणून सारा मोहल्ला तिचं कौतुक करत आला, आणि त्या निळ्याखाली काय आहे ते कुणालाच दिसलं नाही. ज्यांच्यासाठी ते हात भिजले, त्यांनी तर तिच्या हाताकडे कधी पाहिलंच नव्हतं. ते जर्सीकडे बघत.

शोकसभा क्लबच्या मैदानावर झाली. सखारामजी उभे राहून म्हणाले, "ते क्लबची माउली होती." लोकांनी डोळे पुसले. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. माउलीला बसमध्ये घ्यायला तुमचे हात मोडले होते का, असं मी तिथेच विचारणार होते. शेजारच्या बायांनी माझा पदर धरून खाली बसवलं.

मागच्या आठवड्यात सखारामजी घरी आले. येत्या रविवारी खापा आहे. काखेत तेच गाठोडं, निम्मं निळं, निम्मं पांढरं.

"बाई, उरलेलं तुमी रंगवून द्याल का?"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी गाठोडं माझ्या पुढ्यात ठेवलं.

"आन् वैनीचा एक फोटो पायजे होता. हार घालून बशीत ठिवतो म्हणतो. पुढच्या सीटवर. तसं कबूलच केलं होतं ना मी त्यायले."

माणसाला लाज नसावी, पण किती नसावी! जिवंत बाईला सीट नव्हती. ती मेली, आता जागाही झाली आणि शकुनही सुधारला. मी गाठोडं त्यांच्या काखेत परत कोंबलं आणि फोटो देणार नाही म्हणून सांगितलं. रविवारी पोरं निळी खेळोत, पांढरी खेळोत, नाहीतर उघडी खेळोत.

वहिनी गेल्यावर भावाने अंगणातली दोरी सोडून गुंडाळून ठेवली होती. आज शुक्रवार. सकाळी मी खुंटीवरचं हिरवं लुगडं काढून धुतलं आणि पिळून उभी राहिले. भाऊ घरातून दोरी घेऊन आला, दोन्ही टोकांना ताणून बांधली, आणि लुगड्याचं एक टोक धरून माझ्याबरोबर ते वाळत घातलं. उद्या संध्याकाळी पोरं नेहमीसारखी फाटकात येतील, तेव्हा दोरीवर एवढं एकच कापड असेल. दोरीवर ज्याचं कापड, तो गावाला. रीत क्लबचीच आहे, मी केलेली नाही.

रविवारी सकाळी ते लुगडं नेसून मी बसमध्ये पुढच्या सीटवर बसणार आहे. ज्याला उठवायचं त्याने उठवून पाहावं. खापा आलं की सगळ्यांच्या आधी मी उतरणार आहे, तिच्या गावच्या लोकांसमोर.